दक्षिणेतला स्वस्त अंधार

११ मार्च

आज पुन्हा संगणकावरच्या मॉडेलने हात वर केले. कॉफी संपते न संपते तोच पडद्यावर ओळ आली: उत्तर सापडत नाही. आमचे संचालक सी मोन्जी माझ्या पाठीमागेच उभे होते. गणिताशी त्यांचा संबंध तुटून जमाना झाला. म्हणाले, "सापडत नाही म्हणजे काय, लझहर? त्याला जरा नीट शोधायला सांग ना." जसं काही चावी हरवलीय आणि सोफ्याखाली बघायचं राहिलंय.

काम सांगायला सोपं आहे. ट्युनिशियाचे विभाग पाडायचे, प्रत्येक विभागाला वर्षातल्या प्रत्येक तासाला किती वीज लागेल ते मांडायचं. मग गॅसची केंद्रं एकेक करून बंद करायची, सूर्य आणि वारा वाढवायचा आणि २०५० साली देशाचा धूर शून्यावर आणून दाखवायचा. सगळ्यात कमी खर्चात. मेख आहे ती या शेवटच्या दोन शब्दांत. सूर्य कलला तरी लोकांचे एसी चालूच असतात, वर दिवे लागतात, आणि तेव्हा बॅटऱ्या लागतात. बॅटऱ्या महाग. पैसे देणाऱ्या परदेशी मंडळींनी खर्चावर एक रेघ मारून ठेवलीय. रेघेच्या खाली ये म्हटलं की मॉडेल हात वर करतं.

सी मोन्जींना ऑगस्टमध्ये मंत्र्यांसमोर समारंभ करायचाय. आणि मला? इतकी वर्षं दुसऱ्यांच्या अहवालांच्या तळटिपा लिहिल्या. एकदा तरी मुखपृष्ठावर नाव यावं, एवढंच.

१९ मार्च

सुचलं. आंघोळ करताना सुचलं आणि तसाच ओल्या पायांनी येऊन लिहून ठेवलं.

मॉडेलला एक पळवाट आधीपासून असते. वीज पुरली नाही तर त्याला कुणाला तरी अंधारात ठेवता येतं, पण दंड भरावा लागतो. हा दंड आपण देशभर सारखा ठेवतो आणि इतका जबर, की मॉडेल त्या वाटेला जातच नाही, बॅटरी घेतं. पण सारखा का असावा? इथे राजधानीत, ट्युनिसला, तासभर वीज गेली तर बँका थांबतात, कारखाने थांबतात. दक्षिणेत आमच्या केबिलीकडे गेली तर काय थांबतं? माणसं अंगणात चटई टाकून बसतात. तेव्हा ज्या विभागाची जेवढी कमाई, तेवढा तिथल्या अंधाराचा दर. पुस्तकांत हे आहेच. इथे कुणाची छाती झाली नव्हती.

इनेसला सांगितलं. ही स्फॅक्सची, माझी सहकारी, हुशार आहे पण तोंडाची फटकळ.

"म्हणजे गरिबाचा अंधार स्वस्त," ती म्हणाली.

"गरिबाचा नाही. कमी कमाईच्या तासाचा."

"तुमचं गाव तिकडचंच ना, सी लझहर?"

"म्हणूनच मी सांगू शकतो. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर पक्षपात वाटला असता."

"वाः. घरच्याच माणसाने गळा धरला की पक्षपात नाही," म्हणाली आणि जेवायला निघून गेली. स्फॅक्सच्या लोकांना स्वतःची कल्पना सोडून कशाचं कौतुक नसतं.

२७ मार्च

जमलं! खर्च रेघेच्या खाली. निम्म्याहून जास्त बॅटऱ्या मॉडेलने आपणहून सोडून दिल्या. उन्हाळ्याच्या संध्याकाळी थोडी वीज कमी पडते, ती दक्षिणेत कमी पडते, बस. राजधानीचा एक तास म्हणजे केबिलीचे नऊ तास, असा हिशोब बसला.

शिवाय मी काही दगड नाही. दक्षिणेत सगळ्यात जास्त वीज खातात ते खजुराच्या बागांना पाणी देणारे पंप. त्यांच्यापुढे मी 'हलवता येईल' अशी खूण केली. म्हणजे पाच वाजता वीज नसेल तर पंप अकराला चालेल, झाडाला काय कळतंय? त्यामुळे कागदावर दक्षिणेचं नुकसान जवळजवळ नाहीच. इनेसने खुणेकडे पाहिलं आणि विचारलं, "तिथल्या कुणाला विचारलंत?" मी म्हटलं, मीच तिथला आहे.

सी मोन्जींनी सगळ्यांसाठी मिठाई मागवली आणि माझ्या गालांचे मुके घेतले. दाढी टोचली, पण बरं वाटलं.

१४ एप्रिल

मब्रूकाचा फोन. माझी थोरली बहीण. बाबांची खजुराची बाग तीच बघते. बाबा गेल्यावर कायद्याने दोन वाटे माझे आणि एक तिचा होत होता, पण मी तेव्हाच मोठ्या मनाने म्हणालो, सगळी तूच बघ. कागदावर नाव माझंच राहिलं. सरकारी खेटे घालायला मला वेळ कुठे होता? तिने नवरा सोडला, मूलबाळ नाही, त्या बागेवरच तिचं सगळं आहे. दर शरदात खजुराची पेटी मला न चुकता येते.

मोहरावर परागकण बांधून झाले म्हणे. यंदा झाडं भरून येणार. "तू कधी येतोस? झाडावर चढायला नाही सांगणार. खालून 'वा वा' म्हण, तेवढंही पुरे."

मी तिला माझ्या कामाचं सांगायला लागलो. तीस वर्षांनी देश कसा धुराशिवाय चालेल वगैरे. ती ऐकत होती. मग म्हणाली, "तीस वर्षांनी मी म्हातारी असेन आणि तू टकला. त्याच्या आधीचं काही आहे का?"

टक्कल मला आत्ताच पडायला लागलंय. तिला माहीत आहे.

२ जून

वीज कंपनीतले लोक आले होते. यंदा उन्हाळा कडक जाणार, वीज पुरणार नाही, कुठेतरी कापावी लागणार. आजवर ते अंदाजाने कापत आणि मग वर्तमानपत्रांच्या शिव्या खात. यंदा त्यांना शास्त्रीय आधार हवाय. सी मोन्जींनी छाती फुगवून माझ्याकडे बोट दाखवलं.

मी म्हणालो, हे २०५० साठी बनवलंय. त्यांचा साहेब म्हणाला, "गणित आज आणि २०५० ला वेगळं असतं का?" नसतं. हे मला मान्य करावं लागलं. मॉडेलने यंदाच्या उन्हाळ्याचं वेळापत्रक काढून दिलं. दक्षिणेत, मुख्यतः केबिलीत, दुपार कलल्यापासून अंधार पडेपर्यंत.

साहेबाने एक प्रश्न विचारला, तो चांगला होता. "या वेळेला तिकडे काही विशेष असतं का?"

माझ्या तोंडावर आलं होतं की असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या, नमाजापासून सूर्यास्तापर्यंत गुरुवारी आमच्या बागेची पाण्याची पाळी असते. लहानपणी बाबांबरोबर पाटाच्या तोंडाशी फावडं धरून मीच उभा असे. पण हे कसं सांगायचं? चार साहेबांसमोर घरची बाग काढणं बरं दिसलं नसतं. उद्या म्हणतील, याने आपल्या गावासाठी आकडे वाकवले. मी म्हणालो, "मॉडेलमध्ये सगळे तास सारखे आहेत."

इनेस खाली मान घालून नखं बघत होती.

८ जुलै

शहीली सुटलाय. वाळवंटाकडून येणारा हा वारा तोंडावर भट्टीचं दार उघडल्यासारखा येतो. ऑफिस उन्हाळी एकाच पाळीचं झालंय, दुपारी दोनला सुटी. घरी येतो, पडदे ओढतो, एसी लावतो, पडून राहतो. राजधानीत एक मिनिटही वीज गेली नाही. वर्तमानपत्रात 'इतिहासातला पहिला शांत उन्हाळा' असा मथळा होता. सी मोन्जींनी तो कापून भिंतीला लावला.

१३ जुलै

मब्रूकाने फोन केला. 'कसा आहेस' नाही, काही नाही.

"सलग तीन गुरुवार पाळी बुडाली. आपल्या वेळेलाच वीज जाते. सूर्य बुडाला की येते, तेव्हा पाणी दुसऱ्याचं झालेलं असतं."

मी म्हटलं, "मग पंप रात्री चालवा. सकाळी चालवा. पंपाला काय?"

"पंपाला काही नाही रे. पंप सगळ्यांचा आहे. तास ज्याचा त्याचा आहे. रात्रीचा हम्मादीच्या पोरांचा, पहाटेचा विधवा सालमाचा. त्यांना सांगू का, तुमचं पाणी मला द्या, माझा भाऊ ट्युनिसला गणितं करतो?"

"बुडालेली पाळी पुढच्या आठवड्यात भरून नाही का काढत?"

"तू इथेच जन्मलास ना? की तुला कुणी पेटीतून आणलं?" ती म्हणाली. "गेली ती गेली. कधी कुणाला भरून मिळालीय? झाडांवर फळ धरलंय, आता पाणी नाही मिळालं तर बी आणि साल उरेल."

वीज तिथेच का जाते, असं तिने विचारलं. मी सांगितलं की हा तांत्रिक प्रश्न आहे. फोन ठेवल्यावर बराच वेळ चुळबूळ झाली. मॉडेलमधली ती खूण तशी चुकीची नाही. पंप हलवता येतोच. मालकी हलवता येत नाही, पण मालकी हा विजेचा विषय नाही. ज्याने त्याने आपलं खातं सांभाळावं.

२४ जुलै

आज गावाहून अम बलगासमचा, म्हणजे बलगासम काकांचा, फोन. हे बाबांचे चुलतभाऊ, पाणी मंडळाचे प्रमुख. आवाज अजून पाटावरून हाक मारल्यासारखा.

"ऐक लझहर. सगळ्यांनीच बोंब मारलीय, म्हणून पाळ्या नव्याने बसवायच्या ठरवल्यात. पाच ऑगस्टला बैठक. ज्याच्या नावावर पाळी आहे त्याने चटईवर येऊन बसायचं आणि तोंडाने सांगायचं, मला अमुक वेळ हवी. फोन नाही, चिठ्ठी नाही, वकील नाही. तुला पद्धत माहीत आहे."

"मब्रूका येईल ना. बाग तीच बघते."

"मब्रूका मला पोरीसारखी, तिला मी डोक्यावर बसवीन. पण पाळी तुझ्या नावावर आहे. तू नाहीस तर तुझी पाळी आहे तिथे राहणार."

पाच ऑगस्ट. त्याच दिवशी समारंभ. मंत्री, राजदूत, दूरदर्शन. माझं वीस मिनिटांचं सादरीकरण.

इनेस म्हणाली, "वीज कंपनीला फोन करा. सांगा की पंपांची खूण चुकली, वेळापत्रक बदला. दोन दिवसांचं काम आहे, मी बसते."

"समारंभाच्या तोंडावर? मॉडेल चुकलं म्हणून सांगू?"

"चुकलंय ना?"

"आणि बदललं तर लोक काय म्हणतील? बहिणीच्या बागेसाठी देशाचं वेळापत्रक बदललं. मी आजवर वशिल्याचं एक काम केलेलं नाही, इनेस."

"नाही केलंत," ती म्हणाली. "हेही नका करू." तिच्या बोलण्यात टोमणा होता की काय, मला नीट कळलं नाही. पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

१ ऑगस्ट

मब्रूकाला समजावून सांगितलं की येणं अशक्य आहे. मला वाटलं, ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"किती वेळाचं बोलायचंय तुला तिकडे?"

"वीस मिनिटं."

"इथे एकच वाक्य होतं," ती म्हणाली. "बरं. शर्ट इस्त्री करून घाल. टीव्हीवर दिसशील."

६ ऑगस्ट

समारंभ उत्तम झाला. मंत्र्यांनी दोनदा 'दूरदृष्टी' म्हटलं. अहवाल हातात घेतला. मुखपृष्ठावर सी मोन्जींचं नाव मोठ्या अक्षरांत आहे, माझं आत पहिल्या पानावर, सहाजणांत तिसरं. छापखान्याची घाई असते, चालायचंच. राजदूतीण बाईंनी विचारलं, दक्षिणेतल्या लोकांचं सहकार्य कसं मिळवलंत? मी म्हटलं, दक्षिणेचे लोक मुळातच सोशिक. सगळे कौतुकाने हसले. पाहुण्यांना बदामाची मिठाई होती आणि खजूर होते. खजूर बाजारातले, कोरडे होते.

रात्री अम बलगासमला फोन केला. बैठक झाली. जे आले त्यांना सकाळचे नि रात्रीचे तास वाटून दिले. जे आले नाहीत ते आहेत तिथेच.

"मब्रूका आली होती," ते म्हणाले. "बायकांच्या बाजूला नाही बसली. सरळ चटईवर येऊन तुझ्या जागी बसली. आम्ही काय करणार? आम्ही चहा दिला."

"आणि?"

"आणि काय? चहा प्यायली. बोलली काहीच नाही. उठताना सगळ्यांना सलाम केला आणि गेली."

२६ ऑगस्ट

वीज कंपनीचे आकडे आले. केबिली विभागाची मागणी ऑगस्टमध्ये चांगलीच घसरलीय. मी सी मोन्जींना आनंदाने सांगितलं, बघा, लोक शहाणे झाले, वापर आपणहून कमी केला, याच्यावर एक स्वतंत्र निबंध होईल. त्यांनी ताबडतोब शीर्षकाखाली आपलं नाव सुचवलं.

इनेस म्हणाली, "वापर कमी नाही झाला. मंडळांनी डिझेलची इंजिनं आणलीत. माझा मामेभाऊ तिकडे ट्रक चालवतो. सीमेपलीकडचं तेल डब्यांतून येतं, रस्त्याच्या कडेला फनेल लावून विकतात. बागांवर काळा धूर उभा असतो, तो सांगत होता."

"त्या डिझेलची अधिकृत नोंद आहे का?"

"चोरीच्या तेलाची नोंद?"

"मग मॉडेलमध्ये तो धूर नाही," मी म्हणालो. हे मी विनोद म्हणून म्हटलं नव्हतं, नियमच तसा आहे. पण ती इतक्या मोठ्याने हसली की शेजारच्या खोलीतून माणसं डोकावली. तिने दुसरीकडे नोकरी शोधलीय, असं नंतर सी मोन्जींकडून कळलं. मला तिने का सांगितलं नाही याचं वाईट वाटलं. मीच तिला सगळं शिकवलं.

आमच्या गावच्या मंडळाचं इंजिनही आलं, पण उशिरा. मब्रूकाच्या घडांतलं फळ तोवर आक्रसलं होतं. तिने फोटो पाठवला नाही. मी मागितलाही नाही.

९ सप्टेंबर

मब्रूकाने निरोप पाठवला: विकून टाक. अम बलगासमच घेतायत. त्यांच्या बागेला लागून आहे, पाण्याच्या पाळीसकट हवी आहे. कागद माझ्या नावावर, त्यामुळे सही माझी. मला वाटलं, आता गावी जावंच लागणार. पण म्हाताऱ्याने त्रास वाचवला, रात्रीच्या बसने स्वतःच ट्युनिसला आले. नोटरीकडे दहा मिनिटांत काम झालं. बाबांनी ती झाडं लावली होती.

बाहेर आल्यावर लबलाबी खाल्ली दोघांनी. चण्याच्या वाडग्यात पाव कुस्करता कुस्करता अम बलगासम म्हणाले, "सहीला आलास. बरं केलंस. नोटरीपण चटईसारखाच, माणूस समोर लागतो त्याला." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. पाव गरम होता, त्यांनी माझ्यापुढे सरकवला.

१९ सप्टेंबर

मब्रूका परवापासून इथे आहे. एक बॅग आणि एक गाठोडं. माझं घर मोठं, राहणारा मी एकटा, म्हणून मी आधीपासून म्हणतच होतो, ये. शेवटी आली. खाली बेकरीत पावाचं पीठ मळायला बाई हवी आहे, तिथे विचारून आली म्हणे. मी म्हटलं, काय गरज आहे? ती म्हणाली, "दिवसभर इथे बसून तुझे पडदे मोजू?"

आज शुक्रवार, दुपारी कुसकुस तिनेच केलं. जेवून दोघं बैठकीत पडलो होतो, एसी चालू. शहीली पुन्हा सुटलाय, सप्टेंबर असूनही. मला बोलावंसं वाटलं. तिने कधी नीट विचारलं नव्हतं, म्हणून मीच सांगितलं सगळं. अंधाराचा दर, विभागवार कमाई, केबिलीचे नऊ आणि राजधानीचा एक. पंपाची खूणही सांगितली. काही लपवलं नाही. ती कुशीवर वळून ऐकत होती, लहानपणी मी शाळेतलं सांगायचो तेव्हा ऐकायची तशी.

"म्हणजे वेळापत्रक तूच केलंस?"

"मी नाही. मॉडेलने."

"बरं, मॉडेलने. आणि आता मी इथे आले तर?"

तिला बरं वाटावं म्हणून मी हसून म्हणालो, "आता तू राजधानीच्या हिशोबात धरली जाणार. तुझा तास नऊपट झाला बघ."

"बसमधून उतरले आणि लगेच?"

"लगेच."

"हात तेच, पाय तेच. बाग नाही, काम नाही, तुझ्या सोफ्यावर पडलेय. आणि नऊपट?"

"हिशोब विभागाचा असतो, माणसाचा नसतो," मी म्हणालो.

ती उठली, ओढणी सावरली, भिंतीपाशी गेली आणि एसीचं बटण बंद केलं. "मग राहू दे," म्हणाली. "एवढी महागाची बाई तुला परवडायची नाही." बाल्कनीत चटई टाकून, उन्हाकडे पाठ करून, ती निजली.

मी आत बसून हे लिहितोय. अंगाला शर्ट चिकटलाय. वीज आहे, बटण हाताच्या अंतरावर आहे, आणि ते लावायला उठायचा मला धीर होत नाही.